हा पूर्वी असा नव्हता हो, डॉक्टर!

दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरत आली, की महिन्यातून चार-पाच वेळा तरी एक ठरावीक दृश्य पाहायला मिळते. पुढे आईवडील आणि त्यांच्या मागे दाराला टेकून, खाली मान घालून उभा असलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. ओठावर कोवळी मिसरूड फुटलेली, हातपाय लांब झालेले, आवाज फुटलेला. खुर्चीत बसता बसताच वडील सुरुवात करतात, "डॉक्टरसाहेब, याला काहीतरी ताकदीचं द्या. सकाळी दहा हाका मारल्याशिवाय उठत नाही, अभ्यासात लक्ष नाही, धड बोलत नाही आणि बोललाच तर उलट बोलतो." आई हळूच पुस्ती जोडते, "हा पूर्वी असा नव्हता हो, डॉक्टर!"

मुलीच्या बाबतीत तक्रार थोडी वेगळी असते. सारखी आरशासमोर उभी असते, जरा काही बोलले की डोळ्यांत पाणी येते, जेवायला नको म्हणते, कधी पोट दुखते तर कधी डोके. शेवटी वाक्य मात्र तेच. "ही पूर्वी अशी नव्हती."

अशा वेळी टॉनिकची बाटली लिहून देणे सगळ्यात सोपे. आईवडिलांचेही समाधान होते. पण हा टॉनिकने बरा होणारा आजार नाही. बहुतेक वेळा हा आजारच नसतो. मूल वयात येत असते, एवढाच त्याचा अर्थ. मात्र त्याच मुलांपैकी एखादे खरोखरच अडचणीत सापडलेले असते आणि 'वयच तसे आहे' म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. म्हणून या वयात स्वाभाविक काय आणि काळजीचे काय, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

शरीरात काय घडते?

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था मानते. या बदलांची सुरुवात मेंदूच्या तळाशी होते. तेथील हायपोथॅलॅमस नावाचा भाग मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीला संदेश पाठवू लागतो. प्रथम हे संदेश रात्री, झोपेत जातात. मग या ग्रंथीतून निघालेले स्राव रक्तावाटे मुलीच्या बीजकोषांना आणि मुलाच्या वृषणांना जागे करतात. तेथे अनुक्रमे ईस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके तयार होऊ लागतात. बाहेर दिसणारे बरेचसे बदल हे त्यांचेच काम.

मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात. छातीला उभार येणे ही पहिली खूण. त्यानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी पाळी सुरू होते. मुलांमध्ये सुरुवात ९ ते १४ या वयात होते. प्रथम वृषणांचा आकार वाढतो, मग जांघेत आणि काखेत केस येतात, आवाज फुटतो आणि सर्वांत शेवटी दाढीमिशा येतात.

उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये बाराव्या वर्षाच्या आसपास, तर मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुले बुटकी दिसतात. पुढे मुलगा एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. त्यातही हाताचे पंजे आणि पाऊल आधी वाढतात, धड मागाहून. जूनमध्ये घेतलेली चप्पल दिवाळीला होत नाही ती यामुळेच. या लांबलेल्या हातापायांचा अंदाज मुलाला स्वतःलाच येत नाही. मग पाण्याचा तांब्या कलंडतो, उंबऱ्याला ठेच लागते. "लक्ष कुठे असतं रे तुझं?" असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

प्रत्येक मुलाचे वेळापत्रक मात्र वेगळे. एकाच बाकावरच्या दोन मुलांत एक थेट पुरुष आणि दुसरा अगदी पोरगेला दिसू शकतो. दोघेही निरोगी असतात. डॉक्टरांना कधी दाखवावे याचे ढोबळ नियम पुढीलप्रमाणे. मुलीत आठव्या आणि मुलात नवव्या वर्षापूर्वीच बदल दिसू लागले तर दाखवावे. मुलीत तेराव्या आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत कोणतीच खूण दिसली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही मुलीला पाळी आली नाही, तरीही दाखवावे. यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. पुष्कळदा साधी तपासणी करून, "थोडी वाट पाहा," एवढेच सांगावे लागते.

हा भाग मुलामुलींनी स्वतः वाचावा

मुलांनो, रात्री झोपेत वीर्य बाहेर पडते याला लोक 'स्वप्नदोष' म्हणतात. नावात दोष असला तरी तो दोष नाही, रोग नाही आणि त्याने अशक्तपणा येत नाही. शरीरात वीर्य सतत तयार होत असते आणि त्याचा निचरा असा आपोआप होतो. रक्ताच्या अमुक इतक्या थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत खोटी आहे. हस्तमैथुनाने नजर कमी होत नाही, गाल बसत नाहीत की पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर 'गुप्तरोग', 'धातुक्षय' अशा जाहिराती दिसतात. त्या या भीतीवरच चालतात. या भीतीपोटी खाऊसाठी मिळालेले पैसे साठवून पुड्या विकत घेणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या शरीरात काहीच बिघाड नव्हता. त्यांना विचारायला कोणी नव्हते, एवढेच.

वयात येताना पुष्कळ मुलांच्या स्तनाग्राखाली छोटी, दुखरी गाठ लागते. ती बहुधा दोनेक वर्षांत आपोआप जाते. मुरुमे त्वचेतील तेलग्रंथी जास्त काम करू लागल्यामुळे येतात. ती फोडू नयेत, चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली 'गोरे होण्याची' ट्यूब मात्र लावू नये. अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, नंतर कातडी पातळ व लाल होते आणि मुरुमे दुप्पट जोराने येतात.

मुलींनो, पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते. या वयात दोन पाळ्यांमधील अंतर २१ ते ४५ दिवस असले तरी चालते. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त टिकला, तासा-दोन तासाला पॅड भिजू लागले, किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलावे. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवा. इतर कपड्यांखाली लपवून, ओलसर जागी वाळवलेले कापड जंतूंना आमंत्रण देते. पाळी हा विटाळ नाही. त्या दिवसांत आंघोळ, खेळ, शाळा, लोणच्याची बरणी यांपैकी काहीही वर्ज्य नाही.

आईने ही माहिती पहिली पाळी येण्यापूर्वीच द्यावी. रक्त पाहून "मला मोठा आजार झाला" अशा भीतीने रात्र काढलेल्या मुली आजही भेटतात.

बैल तगडे, कासरा कच्चा

आता मनाकडे वळू. पूर्वी असे मानले जाई की मेंदूची वाढ लहानपणीच पूर्ण होते. १९९० च्या दशकात एमआरआय यंत्राने त्याच मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षे चित्रे घेण्याचे काम अमेरिकेत झाले. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किशोरवयात मेंदूची मोठी फेररचना होते, वापरातले जोड पक्के होतात आणि बिनवापराचे छाटले जातात, हे त्यातून आणि नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. ही फेररचना सगळीकडे एकाच वेळी होत नाही. राग, आनंद, भीती, ओढ यांच्याशी संबंधित भाग आधी जोर धरतात. परिणामांचा विचार करणारा, "थांब, आधी विचार कर" असे सांगणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो.

शेतकरी वाचकांना हे लगेच समजेल. गाडीला जुंपलेले बैल तगडे झाले आहेत, पण कासरा अजून कच्चा आहे. गाडी उधळणार हे उघड आहे. त्यात बैलांचा दोष नाही आणि गाडीवानाचाही नाही.

म्हणूनच एरवी गणितात हुशार असलेला मुलगा मित्र सोबत असले की मोटारसायकलवर तिघांना बसवून सुसाट जातो. समवयस्क पाहत असताना या वयातील मुले जास्त धोका पत्करतात, हे प्रयोगांतही दिसून आले आहे. मित्रांनी काय म्हटले हे त्याला आईवडिलांच्या बोलण्यापेक्षा मोठे वाटते. आईवडिलांना हे लागते, पण उद्या त्याला याच पिढीबरोबर जगायचे आहे आणि त्याची ही तयारी असते. वाद घालणे, स्वतःचे मत मांडणे, दार लावून बसणे ही 'मी कोण' याचा शोध घेण्याचीच लक्षणे होत.

याचा अर्थ सगळे चालवून घ्यावे असा नाही. कासरा कच्चा असतो तोवर बाजूने चालणारे मोठे माणूस लागतेच. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकलची चावी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा वेळी पालकालाच २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तंबाखू, खर्रा, मावा, मिसरी यांची सवयही याच वयात लागते आणि घडणाऱ्या मेंदूत ती पटकन मुरते. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. पण वडिलांच्या खिशात पुडी असेल तर घरात तिचा उपयोग किती होणार?

सकाळी उठत का नाही?

पालकांची ही सर्वांत जुनी तक्रार. रात्र झाली की मेंदूत मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि झोप येते. किशोरवयात ते लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा स्रवू लागते. त्यामुळे मुलाला रात्री दहाला झोप येतच नाही आणि सकाळी सहाला ती पुरी झालेली नसते. या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेची शिकवणी, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि रात्री मोबाइल, यात ती सहा तासांवर येते. अशा मुलाची चिडचिड होते, पाठ केलेले राहत नाही, वर्गात डोळा लागतो. घरात मात्र त्याला आळशी ठरवले जाते.

उपाय साधा आहे. रात्री झोपण्यापूर्वी एक तास घरातले सगळे मोबाइल एका ठिकाणी, शक्यतो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. सगळे म्हणजे वडिलांचा आणि आईचाही. सुटीच्या दिवशी तासभर जास्त झोपू द्यावे, पण दुपारपर्यंत लोळू देऊ नये. सकाळी उठल्यावर अंगणात, उजेडात दहा-पंधरा मिनिटे फिरले की शरीराचे घड्याळ जाग्यावर यायला मदत होते.

ताटात काय आहे?

'अशक्तपणा' या तक्रारीमागे एक खरे कारण पुष्कळदा सापडते, ते म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींच्या आणि ३१ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. वाढत्या शरीराला लोह जास्त लागते आणि मुलींचे ते पाळीवाटे दर महिन्याला जाते. त्यात आधी पुरुषांना, मग मुलांना आणि उरले तर मुलीला, अशी वाढायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे.

लवकर थकणे, जिना चढताना दम लागणे, पाय ओढणे, अभ्यासात चित्त न लागणे, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे ही रक्तक्षयाची लक्षणे असू शकतात. रक्त तपासून घ्यावे. मुलीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी नसावे. पंधरा वर्षांवरील मुलात ते १३ ग्रॅमच्या वर असावे.

बाजरीची भाकरी, मेथी, तांदळजा, मोड आलेली मटकी, चवळी, अळिवाचे लाडू, तीळ, शेंगदाणे हे आपल्याच घरातले पदार्थ. मांसाहारी घरात अंडी, मटण, सुकट. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा-पेरू असला की वनस्पतीतील लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र ते अडवतो, म्हणून निदान तासभर थांबावे. हाडांतील चुन्याचा मोठा साठा याच वर्षांत होतो. त्यासाठी दूध, ताक, नाचणी आणि उन्हातले खेळ हवेत.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुले दप्तरात ठेवून देतात किंवा फेकतात. ती जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे नाही. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही चुकवू नये.

माझी एक चूक

हा मजकूर लिहिताना स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातली एक नववीतली मुलगी पोटदुखीसाठी माझ्याकडे यायची. सोबत आई. मी पोट तपासले, लघवी तपासली, जंताचे औषध दिले. पुढच्या वेळी आम्लपित्ताचे दिले. तिसऱ्या वेळी टॉनिक लिहिले. तिन्ही वेळा सगळे प्रश्न मी आईला विचारले आणि उत्तरेही आईनेच दिली. पोट रविवारी दुखत नाही, हे माझ्या लक्षात यायला चौथी खेप लागली.

त्या वेळी मी आईला बाहेर बसायला सांगितले, सिस्टरांना आत थांबवले आणि मुलीला विचारले, "शाळेत जाताना काही त्रास होतो का गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग रडू लागली. बसथांब्यापासून शाळेपर्यंत दोन मोठी मुले तिच्या मागे येत, अचकट-विचकट बोलत. दोन महिने चालले होते. "मग घरी का सांगितलं नाहीस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "सांगितलं तर माझीच शाळा बंद करतील. मग लग्न लावून देतील."

तिची भीती अवास्तव नव्हती. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले होते. गुन्हा मुलांचा आणि शिक्षा मुलीला, ही रीत तिने आजूबाजूला पाहिली होती.

तिच्या संमतीने आईला आत बोलावले. आई प्रथम संतापली, मग मुलीला जवळ घेऊन बसली. वडील मुख्याध्यापकांना भेटले, मुख्याध्यापकांनी पोलीस ठाण्यात कळवले. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलीची शाळा चालू राहिली. पोटदुखी महिन्याभरात थांबली, औषधाशिवाय. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात या वयाच्या प्रत्येक रुग्णाशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही.

घरोघरी हीच गोष्ट करता येईल. मुलाने एखादी अडचण सांगितली की त्याच क्षणी त्याची शाळा, खेळ, मोबाइल किंवा मैत्री बंद होणार असेल, तर पुढची अडचण तो सांगणार नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

चिडचिड होणे आणि एकटे बसावेसे वाटणे या वयात स्वाभाविक आहे. पण ते दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत टिकले आणि त्याबरोबर पुढीलपैकी काही दिसू लागले, तर लक्ष द्यावे. आवडता खेळ, मित्र, टीव्ही यांतला रस अचानक जाणे. झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे. खाणे एकदम कमी होणे. मार्क झपाट्याने घसरणे. अंगावर स्वतः करून घेतलेल्या जखमा. आवडत्या वस्तू मित्रांना वाटून टाकणे. "माझा काही उपयोग नाही", "मी नसलो तर बरं होईल" अशी भाषा. यांपैकी शेवटच्या तीन खुणा दिसल्या तर दोन आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी बोलायचे आणि डॉक्टर गाठायचा. मनाच्या सर्व आजारांपैकी जवळजवळ निम्म्यांची सुरुवात अठराव्या वर्षापूर्वी होते. त्यांवर उपचार आहेत आणि लवकर सुरू केले तर गुणही चांगला येतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते. अशी घटना कधीच एका कारणाने घडत नाही. पण निकालाचे दिवस, घरातले मोठे भांडण, प्रेमातली निराशा, चारचौघांत झालेला अपमान, अशा वेळी कच्च्या कासऱ्याची गाडी कड्याजवळ असते. तो क्षण टळला की पुष्कळदा जीव वाचतो.

म्हणून शंका आली तर सरळ आणि मायेने विचारा, "तुला जगू नये असं वाटतं का रे?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याने मुलाचे ओझे हलके होते. त्याचे पूर्ण ऐकून घ्या. उपदेश नको, "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हेही नको. त्याला एकटे सोडू नका. शेतीची औषधे आणि घरातल्या गोळ्या एरवीही कुलपातच असाव्यात. आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. १४४१६ हा 'टेलि-मानस' चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तेथे दिवसरात्र मोफत, मराठीतूनही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आणखी एक. पोलीस केस होईल या भीतीने काही घरे असा प्रयत्न लपवतात आणि मुलाला पुढचे उपचार मिळत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. तिला शिक्षा नव्हे तर उपचार मिळावेत, अशी त्यात तरतूद आहे.

दहावीत नापास झाल्याने आयुष्य संपत नाही, हे निकालाच्या आधीच सांगून ठेवावे. जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला सवलतीने प्रवेश मिळतो. आयटीआयची दारे आहेत. निकालाच्या दिवशी मुलाला पहिले वाक्य ऐकू यावे ते "चल, आधी जेवून घेऊ."

घरात काय करावे?

१) दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. त्या वेळी टीव्ही आणि मोबाइल बंद. मार्कांचा विषय त्या वेळी काढू नये.

२) समोर बसवून चौकशी करू नये. शेतावर जाताना, भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेला असताना मुले जास्त बोलतात.

३) नियम थोडे ठेवावेत, पण कारण सांगून ठेवावेत आणि ते पाळावेत. मुलाला आणि मुलीला नियम सारखेच असावेत.

४) पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर पाणउतारा करू नये. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. मारू नये.

५) रोज तासभर घाम येईपर्यंत खेळू द्यावे. दहावीच्या वर्षीसुद्धा.

६) घरातले काही खरे काम आणि काही खरा निर्णय त्याच्यावर सोपवावा. बाजारहाट, बँकेची स्लिप, धाकट्याचा अभ्यास. चुकला तर पुन्हा करू द्यावे.

७) आईवडिलांना सांगता येत नसेल तर काका, मावशी, आजोबा, एखादे शिक्षक, असे एक तरी विश्वासाचे मोठे माणूस त्याला असू द्यावे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालतात. तेथे मुलांना मोकळेपणाने विचारता येते.

शेवटी, सुरुवातीला दारात उभ्या असलेल्या त्या मुलाकडे येऊ. वडिलांना बाहेर बसवल्यावर त्याने मला दोन प्रश्न विचारले. पहिला, भिंतीवरच्या जाहिरातीत लिहिलेला आजार आपल्याला झाला आहे का? दुसरा, आपल्याला विज्ञान नको, वायरमनचे काम शिकायचे आहे, हे वडिलांना कसे सांगावे? पहिल्याचे उत्तर मी दिले. दुसऱ्यासाठी वडिलांना आत बोलावले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला वाटलं, हा बोलतच नाही." मुलगा म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही, बाबा."

त्या दिवशी मी चिठ्ठीवर औषध लिहिले नाही. आपल्या घरात असे मूल असेल तर आज रात्री जेवताना त्याला अभ्यासाखेरीज काहीतरी विचारून पाहा.